जोडगाडी

"परवा मंगळवार आहे," गभणे सिस्टर म्हणाल्या. "ती स्टेशनावर येऊन बसेल. तिला कोण सांगणार?"

आई जाऊन तिसरा दिवस होता. शुक्रवारी सकाळी अंगणात पाणी भरता भरता ती खाली बसली आणि उठलीच नाही. रविवारी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. दुपारी ती जरा ओसरली, तेव्हा या दोघी आल्या. एक गभणे सिस्टर. राहायच्या आमच्याच वरुडी गावात, पण नोकरी नागपूरच्या पलीकडे, देवसरच्या सरकारी दवाखान्यात. दुसरी चंद्रभागा, गाडीत फुटाणे विकणारी. रिकामी टोपली उंबऱ्याबाहेर ठेवून ती आत आली आणि पदर तोंडाला लावून खांबाला टेकून बसली. दोघींची आणि आईची ओळख गाडीतली, बायकांच्या डब्यातली.

सिस्टरांनी 'ती' म्हटलं, नाव घेतलं नाही. तरी ओसरीवरचं बोलणं तुटलं. आमच्या घरात ती नव्हती. नऊ वर्षांपासून नव्हती.

ती म्हणजे माझी मोठी बहीण, पमाताई. वरुडीच्या पोस्टात रामटेके नावाचे तारबाबू होते, त्यांच्याशी तिनं नागपूरला जाऊन नोंदणीचं लग्न केलं. माणूस चांगला होता. जात वेगळी होती. तेवढं पुरेसं होतं. बाबांनी तिचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं आणि कोणी काढलं नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. भिंतीवरच्या फोटोंपैकी एक कमी झाला, तिथला चुना काही दिवस जास्त पांढरा दिसायचा, मग तोही धुरकटला.

"कोण ती?" बनाआत्या म्हणाली. ही बाबांची मोठी बहीण. तेरवीपर्यंत घर सांभाळायला आली होती आणि सुतकाचा प्रत्येक नियम तिच्या जिभेवर होता. "आमची पोरगी नऊ साल झाले, मेली आमच्यासाठी."

"मी भांडायला नाही आले, बाई," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज दवाखान्यातला होता, हळू आणि सरळ. "प्रमिलाबाईंची आई दर मंगळवारी देवसरला यायची. गाडी तिथं पन्नास मिनिटं थांबते, मग तीच परत फिरते. तेवढा वेळ दोघी मायलेकी फलाटावर बसायच्या. तीन वर्षं झाली. मंगळवारी मीही त्याच गाडीनं ड्युटीवर जाते, म्हणून मला माहीत. निरोप मीही देऊ शकते. पण असा निरोप घरच्या माणसानं द्यायचा असतो."

आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते शिंपीकाम करायचे, स्टेशनसमोर त्यांचं दुकान होतं, आणि पस्तीस वर्षं मशीनवर वाकून वाकून त्यांची पाठ कधी पूर्ण सरळ होत नसे. त्यांची नजर दारातल्या टोपलीवर होती.

"नागपूरच्या टेकडीच्या गणपतीले जाते म्हणे याची माय!" आत्या म्हणाली. "दर मंगळवारी. प्रसाद आणे."

चंद्रभागेनं पदर बाजूला केला. "प्रसाद माह्या टोपलीतला राहे," ती म्हणाली. "फुटाणे आन् साखरेची चिरंजी. मीच द्यावो पुडी बांधून. देवाच्या नावानं खोटं झालं, ते पाप माह्यावर येऊ द्या. तिच्यावर नको."

मी खाली फरशीकडे बघत होतो.

"मी जातो," मी म्हणालो.

"सुतकात गाव सोडत नाहीत," आत्या म्हणाली.

"मी जातो," मी पुन्हा म्हणालो. एवढ्या वर्षांत मी त्या घरात एखादी गोष्ट दोनदा म्हटली नव्हती.

सिस्टर उठल्या. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, "ओळखाल ना? नऊ वर्षांत माणूस बदलतं."

"ओळखीन."

---

ती गाडी आमच्याकडे 'जोडगाडी' म्हणून ओळखली जायची. त्याआधी वरुडीची पॅसेंजर नागपूरला संपायची आणि देवसरची नागपूरहून सुटायची. एका वर्षी नव्या वेळापत्रकात दोन्ही जोडून एकच गाडी केली. इकडून शाळामास्तर, कारकून, दूधवाले आणि भाजीवाल्या बसायच्या, नागपूरला तीन हिस्से गाडी रिकामी व्हायची, आणि पलीकडे जाणारी तेवढीच माणसं चढायची. शहर मध्ये होतं म्हणून दोन बाजूंच्या गावांची एकमेकांशी ओळख नव्हती. वरुडीच्या माणसाला देवसर म्हणजे कुठं तरी तिकडे, झाडीपट्टीकडे. गाडी जोडली गेली तरी लोक नागपूरलाच उतरत राहिले.

मीही उतरायचो. इतवारीजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बिल्ट्या लिहायचो. कुठल्या ट्रकमधून कोणाचा माल कुठे गेला याच्या पावत्या. सकाळी सात-चाळीसची गाडी, संध्याकाळी सहाची परत. मंगळवारी आईही त्याच गाडीनं निघायची. घरून स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर चालायचो. ती बायकांच्या डब्यात चढायची, मी मागच्या डब्यात. नागपूरला उतरलो की मी गर्दीबरोबर पुलाकडे चालायला लागायचो. ती माझ्या मागून येत असेल, टेकडीकडे वळत असेल, असं घरात धरलेलं होतं. परतीच्या गाडीनं ती साडेचारलाच वरुडीला पोचलेली असायची. मी रात्री जेवायला बसलो की ताटात थोडे फुटाणे आणि चिरंजीचे दोन दाणे असायचे. बाबांच्या ताटातही असायचे. ते आधी प्रसाद खायचे, मग भाकरीला हात लावायचे.

सोमवारभर आत्या माझ्यावर रुसून होती. तिनं पाणी दिलं तेही तांब्या आपटून.

मंगळवारी सकाळी मी चपला घालत होतो. शुक्रवारी भादरलेलं डोकं अजून हुळहुळत होतं, म्हणून रुमाल बांधला होता. बाबा अंगणात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ते नको म्हणतील. ते म्हणाले तर मी थांबेन की जाईन, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

"नागपूरले उतरू नको," ते म्हणाले. "गाडी तेच पुढं जाते."

एवढं बोलून ते आत गेले.

मी एका पायात चप्पल घालून तसाच बसून राहिलो. ज्या माणसानं नऊ वर्षांत त्या दिशेचं नाव काढलं नव्हतं, त्याला गाडी बदलावी लागत नाही हे माहीत होतं. दुकान स्टेशनसमोर. मंगळवारी साडेचारच्या गाडीतून आई उतरायची ती त्यांच्या डोळ्यांसमोर. टेकडीच्या गणपतीला जाऊन येणारी बाई दुपारी एकच्या गाडीनं परत आली असती, हे त्यांना कळत नसेल असं मी कसं समजून बसलो होतो? आणि तिचा देवसरपर्यंतचा महिन्याचा पास तरी खिडकीवर जाऊन कोण काढत होतं? तेच.

ते दर मंगळवारी तो प्रसाद खात होते.

---

नागपूरला गाडी रिकामी झाली तेव्हा मी जागेवरून उठलो नाही. शहराच्या मागच्या बाजूच्या वस्त्या, मग कौलांचे कारखाने, मग एकदम भाताची शेतं. चंद्रभागा डब्यातून फिरत फिरत आली, माझ्या समोर जरा टेकली. टोपली भरलेली होती, पण तिनं हाक दिली नाही की पुडी बांधली नाही. दोन स्टेशनं तशीच बसून राहिली आणि मग उठून दुसऱ्या डब्यात गेली.

देवसर हे शेवटचं स्टेशन. एकच लांब फलाट, मागे गोदाम, पलीकडे चिंचेची झाडं. गाडी थांबायच्या आतच मला ती दिसली. बायकांचा डबा जिथं येतो तिथं बरोबर उभी होती. अंगानं भरली होती, चेहरा मात्र तोच. केस धुऊन मोकळे सोडलेले होते, पाठीवर ओले. हातात कापडी पिशवी.

डब्यातून गभणे सिस्टर उतरल्या. तिच्याजवळ थांबल्या नाहीत. खांद्यावर एक क्षण हात ठेवून पुढे निघून गेल्या. ताई त्यांच्याकडे वळून बघत राहिली, मग पुन्हा डब्याच्या दाराकडे. एकेक बाई उतरत होती आणि ती प्रत्येकीच्या मागे बघत होती. मी मागच्या डब्यातून उतरून तिच्याकडे चालत होतो. काय बोलायचं ते मी चार तास जुळवत आलो होतो. जवळ गेलो आणि रुमाल काढला.

तिनं मला पाहिलं. मग माझं डोकं पाहिलं.

"बाबा?" ती म्हणाली.

मला याचं भानच नव्हतं. मंगळवार असून आई आली नाही आणि भाऊ डोकं भादरून आला, म्हणजे घरात काय झालं हे तिच्यासाठी उघड होतं. आई विधवा झाली, म्हणून येऊ शकली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःखच होतं, त्या माणसासाठी, ज्यानं तिचं नाव पुसून टाकलं होतं. मला ते बघवलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "बाबा आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढचं बोललो नाही. बोलायची गरज उरली नव्हती.

ती ओरडली नाही. बाकड्यापर्यंत चालत गेली आणि बसली. पिशवी मांडीवर घेतली. त्यात एक डबा होता, तो वाकडा झाला होता म्हणून तिनं सरळ केला.

"कवा?"

"शुक्रवारी. सकाळी."

"दुखलं खूप?"

"नाही. पाणी भरून राहिली होती. खाली बसली. मी कामावर निघालो होतो, अंगणातच होतो. 'हरी' म्हणून मले हाक मारली फक्त."

"तू जवळ होता."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं पदर डोळ्यांवर घेतला आणि बराच वेळ तशी बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसलो. इंजिन सुटं होऊन दुसऱ्या टोकाला जोडायला निघालं. फलाटावरचे हमाल, चहावाला, फाटकावरचा तिकीटबाबू, सगळे तिला ओळखत होते हे उघड दिसत होतं, कारण त्यातला एकही जण आमच्याकडे बघत नव्हता.

पदर खाली आला तेव्हा तिचा चेहरा पुसलेला होता.

"मी येते," ती म्हणाली. "याच गाडीनं."



मला सगळं दिसत होतं. दारातली आत्या. पंगतीतून उठून जाणारे भाऊबंद. दहाव्याला घाटावर कोणी येईल, कोणी येणार नाही. मी निरोप द्यायला आलो होतो. आणायला नव्हतो आलो. बाबांनी गाडीचं सांगितलं होतं, त्याच्या पुढचं काही सांगितलं नव्हतं. 'घरी विचारतो, मग कळवतो,' हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. ते शहाणपणाचं वाक्य होतं. कोणी मला नाव ठेवलं नसतं, तिनंही नाही.

"हरी," ती म्हणाली, "तुले त्रास होत असन तर राहू दे. मी समजते."

ती खरोखर समजली असती. माझ्याकडून तिची तेवढीच अपेक्षा होती. ते मला लागलं.

"चाल," मी म्हणालो.

ती फाटकाकडे गेली. तिकीटबाबूशी बोलली, पिशवीतला डबा त्याच्याजवळ दिला, "चित्रा शाळेतून आली की तिच्या बाबाले सांगा, मी वरुडीले गेली म्हणून," हे मला ऐकू आलं. तिला पाच वर्षांची एक मुलगी होती, चित्रा. आई तिला ओळखत होती. मी तिचं नाव त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं.

---

परतीच्या गाडीत दुपारची वेळ म्हणून गर्दी नव्हती. आम्ही समोरासमोर खिडकीशी बसलो. ती बाहेर बघत होती. तिचे केस वाऱ्यानं वाळून तोंडावर येत होते आणि ती ते बांधत नव्हती.

तीन स्टेशनं गेली.

"ताई," मी म्हणालो, "मले एक सांगाचं आहे."

ती वळली.

"दोन वर्षांपूर्वी मी देवसरले आलो होतो. कंपनीनं पाठवलं होतं. एका व्यापाऱ्याची सही घ्याची होती, मंगळवारच होता. नागपूरले मी उतरलो नाही, बसून राहिलो. आई अजून पुढच्या डब्यात असन हे मनातही आलं नाही. इथं उतरलो." मी रुमाल घडी घालून मांडीवर ठेवला. "तुम्ही दोघी बाकड्यावर होत्या. आई तुझ्या डोक्याले तेल लावून राहिली होती."

तिनं तोंडावरचे केस बाजूला केले.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता तो. फलाटावर पानांच्या पोत्यांची थप्पी लागली होती, माणसाच्या डोक्याएवढी उंच. मी उतरलो आणि वीस पावलांवर त्या दोघींना पाहिलं. तिशीला आलेली माझी बहीण आईच्या पायांशी खाली बसली होती, मान मागे टाकून, डोळे मिटून. आई तिचे केस विंचरत होती, वेणी घालत होती, आणि मध्येच काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या. आईचं तसं हसणं मी घरात किती वर्षांत ऐकलं नव्हतं, ते मला तिथं उभं राहून मोजता येईना. मी दोन पावलं पुढं टाकली. मग मला आठवलं की मी पुढं गेलो, तर संध्याकाळी घरी बाबांसमोर बसताना मला हे माहीत असेल. आणि त्यांनी कधी विचारलं तर मला काहीतरी सांगावं लागेल. मी पोत्यांच्या मागे गेलो. गाडी सुटेपर्यंत, पाऊण तास, तिथं उभा राहिलो. पानांचा तो तुरट वास अजून माझ्या नाकात आहे.

हे सगळं मी तिला सांगितलं. या क्रमानं नाही, तुटक तुटक. शेवटी म्हणालो, "मी हाक मारू शकत होतो. नाही मारली. घरी जाऊन आईलेही बोललो नाही. रविवारी सिस्टर आल्या तेव्हा मी असा बसलो, जसं मले काही माहीतच नाही."

गाडी एका पुलावरून गेली. खाली नदीत पाणी कमी होतं, वाळू जास्त.

"मले माहीत आहे," ताई म्हणाली.

"काय?"

"तू होता ते. आईनं पाहिलं होतं तुले. तुह्या शर्टाची बाही दिसत होती पोत्याच्या बाजूनं. बाबानं शिवलेली बाही आई ओळखणार नाही का?" ती अगदी सावकाश बोलत होती. "मी उठत होती. तुले हाक मारणार होती. आईनं माहे केस हातातच धरून ठेवले, उठू नाही दिलं. म्हणे, 'नको मारू हाक. त्याले त्या घरात राहाचं आहे.'"

मी खिडकीकडे तोंड केलं.

"आन् पुढच्या मंगळवारी सांगे," ताई म्हणाली, "'त्या दिवशी त्याच्या ताटात दोन वेळा भाजी वाढली मी, पण त्यानं मान वर करून पाहिलं नाही. पोरगं ओझं घेऊन हिंडून राहिलं. पण मी विचारलं, तर त्याले एक तर खोटं बोला लागन, नाही तर बापाच्या विरुद्ध जा लागन. आत्ता नको. अजून कवळा आहे.'"

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कमावता होतो. आणि आई मला कवळा म्हणत होती. ती रागावली असती, तिनं मला भेकड म्हटलं असतं, तर ते मला सोसलं असतं. दोन वर्षं ती माझ्याबरोबर दर मंगळवारी स्टेशनपर्यंत चालत आली. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं, आणि रस्ताभर ती मला विचारायची, डबा घेतला का, रुमाल घेतला का.

मी रडलो ते तेव्हा. घाटावर मला रडू आलं नव्हतं.

ताईनं मला रडू दिलं. माझ्या डोक्यावर, नुकत्या फुटलेल्या खुंटांवर, तिनं एकदा तळवा फिरवला आणि काढून घेतला. नागपूर आलं. माणसं उतरली, माणसं चढली. गाडी पुन्हा हलली तेव्हा मी तिला बाबांचं सांगितलं. सकाळी अंगणात येऊन ते जे बोलले ते, जसंच्या तसं.

"'गाडी तेच पुढं जाते'?" तिनं विचारलं.

"हो."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. गावाच्या अलीकडचं स्टेशन गेलं, तेव्हा तिनं दोन्ही हात मागे नेले, केस गोळा केले आणि घट्ट अंबाडा बांधला. पदर डोक्यावर घेतला.

---

बाबा स्टेशनच्या फाटकाबाहेर उभे होते.

सुतकात दुकान बंद होतं, त्यामुळे ते दुकानासाठी आले नव्हते. बंद दाराच्या पायरीजवळ, उन्हात, टोपी घालून उभे होते. टांगेवाले होते, पानठेल्यावर चार माणसं होती, गाडीतून उतरलेली सगळी ओळखीची होती. चार-साडेचारची वेळ म्हणजे आमच्या गावात स्टेशन रोड भरलेला असतो. त्या सगळ्यांच्या देखत मी आणि ताई फाटकातून बाहेर आलो.

ती थांबली. बाबांपासून पाच-सहा हातांवर. मीही थांबलो. मला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, मध्ये पडायला हवं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या हनुवटीवर पांढरे खुंट आले होते आणि ते चार दिवसांत खूप म्हातारे दिसायला लागले होते. ओठ दोनदा हलले.

"गाडी लेट होती का?" ते म्हणाले.

"नाही," ताई म्हणाली. "टायमावर होती."

त्यांनी मान हलवली. "जेवली नसशीन."

"नाही."

"चाल मग," ते म्हणाले.

नऊ वर्षांचं बोलणं एवढ्यावर आलं. त्यानंतरही या विषयावर ते दोघं कधी बोलले, असं मला माहीत नाही. बाबा अकरा वर्षं जगले, ताई वर्षातून चारदा यायची, चित्राच्या सगळ्या परकरपोलक्यांची शिलाई वरुडीच्या मशीनवर झाली. पण झालं ते चुकलं, असं बाबांच्या तोंडून निघालं नाही आणि ताईनं ते काढून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. मीही बाबांना त्या पोत्यांचं सांगितलं नाही. त्यांना तेही माहीत असेल, असं मला कधी कधी वाटतं.

आम्ही घराकडे निघालो. स्टेशन रोडवरून बाजारातून सरळ रस्ता आहे, आणि मागच्या नाल्याकडून एक आडवाट आहे. पाऊस-चिखल नसला की आम्ही आडवाटेनंच जायचो, ती जवळची. बाबा बाजाराच्या रस्त्याला लागले. पुढे बाबा, मग ताई, मागे मी. किराणा दुकानदारानं तराजू हातात धरून पाहिलं. लोहाराच्या भात्याशी बसलेला माणूस उठून उभा राहिला. बाबा नेहमीसारखे वाकून, हळूहळू चालत होते. घाई त्यांनी केली नाही.

तेरवीला भाऊबंदांपैकी चार घरं जेवायला आली नाहीत. त्यातली दोन पुढच्या काही वर्षांत परत जाऊ-येऊ लागली, दोन नाही. घाटावर दहाव्याला ताई इतर बायकांबरोबर उभी होती. पण ते नंतरचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता अरुंद होतो. एका वेळी एकच माणूस नीट जाऊ शकतं. तिथं बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. ते भिंतीला पाठ लावून बाजूला सरकले आणि ताईकडे न बघता म्हणाले,

"तू पुढं हो."

ती क्षणभर घुटमळली. मग त्यांच्या समोरून पुढे गेली.

बनाआत्या दारातच उभी होती. गल्लीच्या टोकापासून तिनं ताईला येताना पाहिलं आणि दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला ताईच्या मागे बाबा दिसले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या धाकट्या भावाला तिनं त्या चेहऱ्यानं कधी पाहिलं नसावं. तिनं आधी एक हात खाली घेतला, मग दुसरा, आणि आत वळून म्हणाली,

"पाय धुवाले पाणी आणते."